कावळे : 25

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, मी एका कागदावर 25 हा आकडा लिहिला. निळ्या बॉलपेनने, ठसठशीत. मी 32 वर्षं बँकेत काढली आहेत. दिवसअखेर रोकड जुळली नाही तर बारा-पंधरा रुपयांचा फरक शोधत रात्री नऊ-नऊपर्यंत बसणारी बाई मी. आणि हा 25 मी चक्क हवेतून काढला. कोणाचं काही बिघडलं नाही, कोणी जाब विचारला नाही, उलट टाळ्या पडल्या. तरी महिना उलटून गेला, भाजी निवडताना, लोकलमध्ये, रात्री कूस बदलताना तो आकडा मध्येच डोकं वर काढतो.

तो कावळ्यांचा आकडा होता.

पक्षी सप्ताह चालू होता. 5 नोव्हेंबरला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा. या दोन तारखांच्या मध्ये हल्ली राज्यभर पक्ष्यांचे कार्यक्रम होतात. भाचीने माझं नाव मला न विचारताच नोंदवून टाकलं होतं. "मावशी, रिटायर झाल्यापासून तू नुसती मोबाइलमध्ये डोकं घालून बसतेस, जरा मान वर कर," असं म्हणाली. ती स्वतः आली नाहीच, रविवारी सकाळी साडेसहाला तिची पिढी कुठे उठते! मी एकटीच मुलुंडहून स्लो लोकल पकडून सायनला उतरले. तिथल्या पुलाचं काम तेव्हा चाललं होतं, त्यामुळे रिक्षावाल्याने कुठून कुठून वळसे घालत धारावी डेपोसमोर आणून सोडलं. रस्त्यावर चामड्याचा, बेकरीचा आणि खाडीचा असे तीन वास एकमेकांत मिसळलेले. आणि महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या फाटकातून आत दहा पावलं टाकली की तिन्ही वास जातात, ओल्या पाचोळ्याचा वास येतो. इतकं एकदम, की मी मागे वळून फाटक तिथेच आहे ना हे पाहिलं.

ही जागा म्हणजे आधी कचऱ्याचं डम्पिंग. माझ्या लहानपणी या बाजूने जाताना आई बसची खिडकी लावून घ्यायची आणि पदर नाकाला लावायची, मला नीट आठवतं. पुढे कचरा टाकणं थांबलं, त्या ढिगावर माती पडली, 1983 साली सलीम अलींच्या हस्ते पहिलं झाड लागलं आणि 22 एप्रिल 1994 ला उद्यान लोकांना खुलं झालं. आज 37 एकरांत इतकी दाट झाडी आहे की आत शिरल्यावर पलीकडच्या बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या इमारती फक्त फटींतून दिसतात, चुकून राहिल्यासारख्या. खाली अजून तो कचरा आहेच. आपण त्याच्यावरून चालतो आहोत हे पायांना कळत नाही.

आत छोटासा मांडव होता. शाळेच्या मुलांनी रंगवलेले पक्षी दोरीला चिमट्यांनी अडकवले होते, एका टेबलावर भाड्याने द्यायच्या दुर्बिणी, दुसऱ्यावर कांदेपोह्यांचं झाकलेलं पातेलं. आलेल्या माणसांत मला तीन जाती दिसल्या. एक, हातभर लांब लेन्सवाले. ते एकमेकांशीही फारसं बोलत नाहीत, कॅमेऱ्याला अंगरख्यासारखं हिरवं कापड घातलेलं असतं आणि चेहऱ्यावर शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरचा भाव. दोन, माझ्यासारखी, कोणाच्या तरी आग्रहाने आलेली, पायांत चुकीच्या चपला असलेली मंडळी. आणि तीन, जवळच्या शाळेतली पंधरा-वीस मुलं, जी या जागेत आपल्या अंगणात वावरावं तशी वावरत होती. सहा गट पाडले. आमच्या गटाला एक तरुण मार्गदर्शक मिळाला. त्याने सगळ्यांकडे बघून मला विचारलं, "काकू, तुमचं अक्षर चांगलं आहे का?" आयुष्यात या प्रश्नाला नाही म्हणायची वेळ कधी आलेली नाही. पॅड आणि बॉलपेन माझ्या हातात आलं. जो पक्षी दिसेल त्याचं नाव आणि संख्या लिहायची, एवढंच काम.

मला ते फार आवडलं, हे आधी कबूल करते. मार्गदर्शक दबक्या आवाजात नाव सांगायचा, मी लिहायची. चष्मेवाला 6. शिंपी 2. वटवट्या 1, फक्त आवाज. तुतवार 1, तो मिठी नदीच्या काठच्या चिखलात शेपूट खालीवर करत एकटाच चालला होता. मराठीत किती सुंदर नावं आहेत आणि मी साठ वर्षं त्यांच्यातली चार सोडून काही वापरली नव्हती! मग कोणीतरी माझ्या कोपराला हात लावला. बांबूच्या बेटामागे, दहा पावलांवर, स्वर्गीय नर्तक बसला होता. नर. डोकं काळंभोर, अंग धुतलेल्या कपड्यासारखं पांढरं आणि शेपटीतून निघालेल्या दोन लांब, लांब फिती. तो उडाला तेव्हा त्या फिती त्याच्या मागून अर्ध्या क्षणाने उडाल्या, म्हणजे पक्षी दुसऱ्या फांदीवर पोचला तरी त्या अजून यायच्याच होत्या. वीस माणसं एकदम श्वास रोखून उभी होती. लेन्सवाल्यांचे कॅमेरे मशीनवर कापड शिवावं तसे कटकटकट वाजत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, का ते विचारू नका. मी लिहिलं : स्वर्गीय नर्तक 1. आणि त्या एकच्या खाली, उगाचच, रेघ ओढली.

या सगळ्या वेळात डोक्यावर कावळे होतेच. फाटकावर होते, मांडवाच्या बांबूवर होते, पोह्यांच्या टेबलाभोवती तर खाली उतरून उड्या मारत होते. नर्तक बसला होता त्या झाडाच्या शेंड्यावरही एक ओरडत होता. इतका, की एक लेन्सवाले गृहस्थ चिडून म्हणाले, "याला कोणीतरी हाकला रे."

दहा वाजता सगळे गट मांडवात जमले. एका मोठ्या पांढऱ्या कागदावर सहाही याद्या एकत्र करायच्या होत्या. नावं पुकारली जात होती, आकडे बेरजेला पडत होते, नर्तकाच्या नावावर शिट्ट्या झाल्या. चाळीसच्या वर जाती भरल्या. आता मोजून संपलं, टाळ्या, असं होत असताना पुढे बसलेली एक नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "कावळा नाय लिहिला?"

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते, पण हसले. फळ्याजवळच्या मुलाने विचारलं, "कुठला? गावकावळा की डोमकावळा?" ती म्हणाली, "आपला कावळा." पुन्हा हसू. मग एकेका गटाला विचारणं झालं. पहिल्या गटाने माना हलवल्या, दुसऱ्याने, तिसऱ्याने. सहा गट, शंभरेक डोळे, त्यांतले निम्मे दुर्बिणीला लावलेले, आणि कावळा कोणीच टिपला नव्हता. आमच्या मार्गदर्शकाने माझ्याकडे मोठ्या आशेने पाहिलं. "काकू, तुमच्या यादीत असेल ना?" मी पॅडकडे पाहिलं. जिथे काही नव्हतं तिथे काही असल्यासारखी नजर फिरवली. "आहे की," म्हणाले. "25." आणि बोलता बोलता शेवटच्या ओळीखाली लिहूनही टाकलं. टाळ्या पडल्या. मुलांनी तर जास्तच वाजवल्या.

ती मुलगी माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली होती. शाई ओली होती. तिने ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोह्यांच्या रांगेत निघून गेली.

खरं तर अडचण काहीच नव्हती. त्या रात्री भाचीने फोनवर समजावलं की या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर चढवतात, आणि तिथे पक्षी दिसला पण मोजला नाही तर आकड्याऐवजी नुसता एक्स टाकायची सोय आहे. शक्यतो अंदाज द्या म्हणतात, नाहीच जमलं तर एक्स. म्हणजे खरं बोलायला एक अख्खं अक्षर राखून ठेवलेलं होतं. "आणि तुझा अंदाजच होता ना तो?" ती म्हणाली. नव्हता. अंदाज बांधायला एकदा तरी वर बघावं लागतं. मी बघितलं नव्हतं. मला फक्त पाचाच्या पटीतला, मान्य होईलसा आकडा हवा होता. खोटं व्हाउचर करणारे नेमकं हेच करतात. मी पकडलेत तसे दोघं-तिघं.

मग मला वाटायला लागलं की कावळ्याच्या बाबतीत आपण सगळेच थोडे असेच आहोत. आपली भाषा त्याच्यावाचून एक दिवस चालत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हे आमच्या ब्रँचमध्ये दिवसातून एकदा तरी कोणीतरी म्हणायचं. त्याच्या शापाने गाय मरत नाही. तो ओरडला की पाहुणे येतात. पोरांच्या गोष्टीत त्याचं घर शेणाचं, पहिल्या पावसात वाहून जाणारं. बिचाऱ्याचं घर शेणाचं नसतं हो. आमच्या इमारतीसमोरच्या सोनमोहरावर दर उन्हाळ्यात एक घरटं होतं, तिसऱ्या मजल्यावरून सरळ आत दिसतं. तारांचं असतं ते. कपडे वाळत घालायच्या हँगरच्या, केबलवाल्याने कापून टाकलेल्या, बांधकामावरच्या सळया बांधायच्या तारा. एकेक तार चोचीने वाकवून गुंफलेली. गेल्या पावसाळ्यात सोसायट्यांचे पत्रे उडाले, ते घरटं जागचं हललं नाही. आणि त्याच घरट्यात कोकिळा अंडं घालून जाते. वसंताचं सगळं कौतुक तिच्या नवऱ्याला, पोर सांभाळायचं याने.

सलीम अलींबद्दल नेहमी सांगतात की लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं आणि पुढचं आयुष्य तिथून सुरू झालं. मला या गोष्टीत नेहमी तो पिवळा ठिपकाच मोठा वाटत आला. तो नसता तर? नुसती चिमणी असती, साधी, तर कोण गेलं असतं विचारायला? आणि चितमपल्लींचं मला आठवतं ते वेगळ्याच कारणासाठी. कावळ्यांच्या वस्तीला त्यांनी मराठीत एक शब्द दिला : काकागार. कारागार, शस्त्रागार असल्या भारदस्त शब्दांच्या रांगेत कावळ्यासाठी एक जागा. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. काकागार हा शब्द मी आधी ऐकला होता, पण त्या रविवारनंतर मोठ्याने म्हणून बघितला. छान वाटतो तोंडात. शास्त्रज्ञांनीही आपल्या राखाडी मानेच्या गावकावळ्याला नाव दिलंय कॉर्व्हस स्प्लेंडेन्स. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. आमच्या गॅलरीत सकाळचं ऊन तिरकं येतं तेव्हा पंखांवर जांभळी-निळी झाक दिसते खरी, पण ती दिसायला त्याला हाकलायच्या आधी दोन क्षण थांबावं लागतं.

वाळकेश्वरच्या बाणगंगा तळ्यावर मी एकदा कावळ्यांकडे इतकं रोखून पाहिलं होतं की डोळे दुखले होते. 1998 चा जुलै, बाबांचा दहावा. बायकांनी जायचं नसतं असं आत्या म्हणाली, मी गेले. पाऊस रिमझिम होता. पायऱ्यांवर शेवाळ, तळ्याचं पाणी हिरवं, बदकं निवांत. पिंड मांडले, शेजारी पानावर बाबांच्या आवडीचं सगळं : खारी बिस्किटं, बटाट्याची भजी, स्टीलच्या पेल्यात चहा. भजी पावसाने मऊ पडत चालली. समोरच्या भिंतीवर पाच कावळे ओले होऊन बसलेले. पाच, मोजले होते मी, आजही सांगू शकते कोण कुठे बसला होता. एक मान तिरकी करून खाली बघायचा, एक चोच भिंतीला घासायचा, एक डोमकावळा होता, पूर्ण काळा, अंगाने दांडगा, तो जरा बाजूला. कोणी खाली येईना. मग काका हात जोडून सांगायला लागले, दादा, धाकट्याच्या शिक्षणाचं मी बघतो. कावळे बसून. घराचे हप्ते मी फेडीन. बसून. भाऊ म्हणाला, बाबा, आईला मी अंतर देणार नाही. डोमकावळ्याने पंख झटकले आणि पुन्हा बसला. बाबांचं काय राहिलं होतं ते आम्हांला सापडेना. एकेकाच्या तोंडून अशी वचनं निघत होती की एरवी कोणी स्टॅम्प पेपरवरही दिली नसती. पाऊण तास झाला. गुरुजींना पुढचं काम होतं, त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं, मग चार दर्भाच्या काड्या वळून त्यांचा कावळा केला आणि पिंडाला शिवला. शास्त्रात आहे, म्हणाले. असेलही. भिंतीवरचे पाचही ते बघत होते.

घरी आलो तेव्हा आई दारातच होती. पाय धुवायच्या आधी तिने विचारलं, "शिवला ना?" भाऊ म्हणाला, "हो, लगेच." आणि मी, न विचारता, पुढे जोडलं, "दोन आले होते."

दोन. त्या दोनाची मला इतक्या वर्षांत कधी टोचणी लागली नव्हती. आईच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडलेला मी पाहिला होता, आणि तेवढ्यासाठी कोणीही म्हटलं असतं. पण त्या 25 ने येऊन जुनं खातं उघडलं. तेव्हाही आकडा जोडल्याने खोटं पक्कं झालं होतं. नुसतं "हो" पुरलं असतं.

पुढच्या रविवारी मी परत उद्यानात गेले. कार्यक्रम नव्हता, मांडव नव्हता, दोरीला एक चिमटा तेवढा राहिला होता. मला कावळे मोजायचे होते. हे किती अवघड आहे ते करून बघा. तलावापाशी नऊ मोजले, तेवढ्यात पाचजण उडून मिठीच्या बाजूला गेले आणि तिकडून चार आले. ते त्यांच्यातलेच की वेगळे? नर्तकाचं सोपं असतं, तो एकच असतो. मी सतरापर्यंत पोचले, मग एक घार आली आणि सगळी झाडी एकदम काळी होऊन वर उठली. चाळीस असतील, साठ असतील. कचऱ्याच्या काळात इथे कोण राहत असणार, कावळे आणि घारीच. पहिलं झाड लागलं तेव्हा वरून बघणारे यांचेच खापरपणजोबा. जागा यांची, आणि पाहुण्यांच्या यादीत आम्ही यांना विसरलो. बाकावर बसून मी आमच्या मार्गदर्शकाला मेसेज केला, त्या दिवशीचा कावळ्यांचा आकडा चुकीचा आहे, बदलता येईल का? त्याचं उत्तर आलं : "अहो काकू, राहू द्या, कमीच लिहिलेत तुम्ही 😀".

परवा सकाळी आई गॅलरीत होती. ती आता 84 वर्षांची आहे, कमरेत वाकली आहे, पण पहिल्या पोळीचा तुकडा कावळ्याला, हा नेम चुकत नाही. कबुतरांच्या त्रासाने आमच्या इमारतीत सगळ्यांनी गॅलरीला जाळ्या मारून घेतल्या आहेत. 2025 मध्ये कबुतरखान्यांचं प्रकरण हायकोर्टात गेलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, ती फाडली गेली, ते सगळं आईने टीव्हीवर जेवणाच्या ताटापुढे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "कावळ्यासाठी कोण जाणार कोर्टात." आमची जाळी बसवायला माणूस आला तेव्हा तिने त्याच्या मागे उभं राहून कोपऱ्यात वीतभर जागा सोडायला लावली होती. तो म्हणाला, आजी, मग जाळीचा उपयोग काय? ती म्हणाली, कबुतराला अक्कल नसते, त्याला ती सापडत नाही. आणि खरंच सापडलेली नाही.

मी चहा घेऊन तिच्याजवळ उभी राहिले. "आई, किती येतात गं रोज?"

"तीन," ती म्हणाली, मान न वळवता. "पावसाळ्यात चार होते. आता तीन. तो एका पायाने अधू आहे ना, त्याला आधी द्यायचं, नाहीतर बाकीचे त्याला येऊ देत नाहीत."

अधू आला. आत शिरताना अंग आवळून, एक पंख जाळीला घासत. पोळीचा तुकडा उचलला, कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात बुडवला, जरा थांबला, पुन्हा बुडवला, मऊ झालाय की नाही ते चोचीने दाबून बघितलं आणि मग गिळला. चहात खारी बुडवावी तसं. माझ्या घशाशी काहीतरी आलं. बाणगंगेचं सांगून टाकावं, आता तरी, असं वाटून मी "आई" म्हणाले.

"काय गं?"

"काही नाही. चहा निवतोय तुझा."

दुसरा आला, तुकडा घेऊन गेला. आम्ही दोघी बराच वेळ थांबलो. समोर सोनमोहरावर कोणीतरी ओरडत होतं, पण ते इकडे येईना. "आज एक कमी आहे," आई म्हणाली, आणि उरलेला तुकडा कठड्यावर तसाच ठेवून आत गेली.